त्यानं मावशीला का विचारलं नाही?

“मी अडीच वर्षांची असताना आई गेली. वडिलांनी पुढे दुसरं लग्न केलं. मी मावशीकडे आले आणि तिथलीच झाले. आज माझं वय ४१. मावशी-काकांनी त्यांच्या दोन मुलांत आणि माझ्यात कधी दुजाभाव केला नाही, हे आधीच सांगते. माझी मुलगी १२ वर्षांची आहे. रात्री झोपण्यापूर्वी आम्ही दोघी मिळून हॅरी पॉटर वाचतो. तिसरं पुस्तक संपत आलं तेव्हा ती एकदम म्हणाली, ‘आई, याला इतकी माणसं भेटतात, जी याच्या आईबाबांना ओळखत होती. मग हा कुणालाच का विचारत नाही, माझी आई कशी होती म्हणून? याचे आजी-आजोबा कुठे गेले? मी असते तर पहिल्या दिवशी विचारलं असतं.’ मी तिच्यावर खेकसले. ‘गप वाच,’ म्हणाले. दिवा घालवल्यावर मात्र मला झोप लागेना. मीही कधी विचारलं नाही. एकदाही नाही. मावशीच्या कपाटात वरच्या फळीवर एका पिशवीत एक अर्धवट विणलेला पिवळा स्वेटर आहे. एक बाही पूर्ण झालेली, वीतभर लांब. दुसरी अर्धी, सुया अजून तिच्यातच. शाळेत असताना तो माझ्या हाती लागला होता. मी होती तशी घडी घालून ठेवून दिला. कुणी विणला, कुणासाठी, हेसुद्धा विचारलं नाही. मावशी आता ७३ वर्षांची आहे, मागच्या वर्षी मोठ्या दुखण्यातून उठली. आता विचारावं का? तिला असं तर वाटणार नाही ना, की हिला आमच्याकडे काहीतरी कमी पडलं? आणि ज्या मुलीनं स्वतःच्या आईबद्दल एवढ्या वर्षांत एक प्रश्न विचारला नाही, ती दगडाची आहे का?”

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग कपाटातून माझे हॅरी पॉटरचे जुने खंड काढून बसले. तुमच्या मुलीनं विचारलेला प्रश्न मोठमोठ्या वाचकांना पडलेला आहे. त्याचं उत्तर तुम्हाला तुमच्याबद्दलही बरंच सांगेल असं मला वाटतं. म्हणून आधी हॅरीबद्दल बोलते, तुमच्यासारख्याच मावशीकडे वाढलेल्या आणि अकराव्या वर्षी जादूच्या शाळेत गेलेल्या त्या पोरक्या मुलाबद्दल. एक विनंती मात्र आहे. पुढे मी सातव्या पुस्तकापर्यंतचं सगळं सांगणार आहे, तेव्हा हे पान तुमच्या मुलीच्या हाती आत्ताच देऊ नका. तिचा शोध तिला लागू दे.

तो का विचारत नाही? लोक एक सरळ उत्तर देतात, की त्यानं विचारलं असतं तर गोष्टच संपली असती. पहिलं पुस्तक १९९७ चं, सातवं २००७ चं. हॅरीची आई आणि त्याचा शाळेतला नावडता शिक्षक स्नेप यांचं बालपण एकत्र गेलं होतं, हे गुपित त्या शेवटच्या पुस्तकापर्यंत राखायचं होतं. हे खरं आहे, पण ते लेखिकेच्या सोयीचं झालं. त्या मुलाचं कारण वेगळं आहे आणि ते पहिल्याच पुस्तकाच्या सुरुवातीला दिलेलं आहे. आपण ते भरभर वाचून पुढे जातो. कपाळावरची खूण कशामुळे, असं त्यानं लहानपणी मावशीला विचारलं होतं. आईबाप मोटार अपघातात गेले, त्यातच झाली, असं तिनं सांगितलं, आणि वर प्रश्न विचारायचे नाहीत म्हणून बजावलं. त्या घरात सुखानं राहायचं तर पहिला नियम तोच होता. घरात त्याच्या आईवडिलांचा एक फोटोसुद्धा नव्हता. वयाच्या पहिल्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत जो मुलगा असा वाढला, तो शाळा बदलली म्हणून एका दिवसात बदलेल कसा?

आणि हा मुलगा कुतूहलशून्य आहे का? मुळीच नाही. शाळेतल्या बंद दारामागे काय आहे, भिंतीतून कुणाचा आवाज येतो, कोण कुणाशी काय कुजबुजतं, हे शोधायला तो रात्री-अपरात्री नियम मोडून फिरतो. जगातल्या प्रत्येक दाराला तो कान लावतो, स्वतःच्या आईवडिलांचं दार सोडून. त्या दारापाशी आला की त्याचे पाय आपोआप थबकतात. तुम्ही स्वेटरची घडी होती तशी घालून ठेवलीत ना, अगदी तसे.

पहिल्या पुस्तकातला आरसा आठवतो? माणसाच्या मनातली सगळ्यात खोल इच्छा दाखवणारा. त्यात हॅरीला आई दिसते, बाबा दिसतात आणि मागे उभे असलेले कितीतरी लोक दिसतात. कुणाचे डोळे त्याच्यासारखे, कुणाचं नाक त्याच्यासारखं, एका म्हाताऱ्या गृहस्थाचे तर गुडघेही त्याच्यासारखेच हाडकुळे. अकरा वर्षांचा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची माणसं बघतो. मग तो पुन्हा पुन्हा रात्री तिथे येऊन बसतो, इतका की शेवटी शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर याला त्याला थांबवावं लागतं. आता बघा, इथे कुणीही विचारलं असतं, की हे आजोबा कोण, यांचं नाव काय. हॅरी विचारत नाही. तो विचारतो ते डम्बलडोरला, की तुम्हाला या आरशात काय दिसतं. डम्बलडोर सांगतो, लोकरीचे मोजे. पुढे सातव्या पुस्तकात, डम्बलडोर गेल्यानंतर, हॅरीच्या लक्षात येतं की आपण त्याला खाजगी असा एवढा एकच प्रश्न कधी विचारला होता, आणि नेमकं त्याच प्रश्नाचं उत्तर बहुधा खरं नव्हतं. हॅरीचे आईवडील आणि डम्बलडोरची आई आणि बहीण एकाच गावच्या दफनभूमीत आहेत, हेही त्याला तेव्हाच कळतं. इतकी वर्षं समोरासमोर बसून दोघांपैकी कुणीच तो विषय काढला नव्हता.

तिसरं पुस्तक तुम्ही नुकतंच वाचत होतात, म्हणून त्यातलं एक पान पुन्हा उघडायला सांगते. ल्युपिन हा शाळेतला शिक्षक हॅरीला डिमेंटरपासून, म्हणजे माणसातला आनंद शोषून घेणाऱ्या भुतासारख्या जीवांपासून, बचाव करायला शिकवत असतो. डिमेंटर जवळ आला की हॅरीला आईचा शेवटचा आकांत ऐकू येतो, आणि एकदा वडिलांचाही आवाज येतो. तो हे ल्युपिनला सांगतो. तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नव्हतात ना, एवढंच तो बोलता बोलता म्हणतो, आणि ल्युपिन सांगतो की तुझे वडील माझे मित्र होते. आणि लगेच तो म्हणतो, आज इथेच थांबू या. हॅरी म्हणतो, नको, आणखी एकदा प्रयत्न करतो. पण बाबा कसे होते, हे काही विचारत नाही! पण त्याच वेळी त्याच्या मनात असंही येत असतं की डिमेंटर पुन्हा यावा, म्हणजे तो आवाज पुन्हा कानावर पडेल. म्हणजे आईचा मरतानाचा आवाज ऐकायला हा तेरा वर्षांचा मुलगा तयार आहे, पण समोर बसलेल्या जिवंत माणसाला ‘माझ्या बाबांबद्दल सांगा ना’ असं म्हणायची त्याची तयारी नाही. मला त्या मालिकेतल्या सगळ्या राक्षसांपेक्षा हे पान जड जातं.

दगडाची माणसं अशी नसतात. तुम्ही स्वतःला जे विचारलंत त्याचं माझं उत्तर हेच आहे. भूक नसलेला माणूस आणि ताटाकडे न बघायची सवय लागलेला माणूस, दोघे बाहेरून सारखेच दिसतात.

तुम्हाला आईबद्दल काही आठवत नाही, याचीही खंत तुमच्या पत्रात ओळींच्या मागे आहे असं मला जाणवलं. अडीच वर्षांचं काही आठवत नाही यात तुमचा काडीचाही दोष नाही. बहुतेक माणसांची सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. त्याआधीचं मूल जगलेलं असतं, पण ते सांगता येईल अशा रूपात शिल्लक राहत नाही. म्हणून तर तुमचं ते पहिलं पान दुसऱ्या कुणाकडे तरी आहे.

आता तुमचं म्हणणं असेल, की हॅरीच्या मावशीनं त्याला जिन्याखालच्या कपाटात झोपवलं, आणि माझ्या मावशीनं मला कुशीत झोपवलं, मग आमचं कसं जुळेल? जुळतं ते असं. जॉन बोल्बी नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं १९७९ साली एक निबंध लिहिला. मुलांना जे कळू नये असं मोठ्यांना वाटतं ते मुलांना बऱ्याचदा कळलेलं असतं, आणि मोठ्यांना त्रास होऊ नये म्हणून मूल ‘मला माहीतच नाही’ असं वागायला शिकतं, हा त्याचा विषय. मूल मोठ्यांचा चेहरा वाचतं, त्यासाठी घरात धाक असावा लागत नाही. हॅरीच्या घरी नियम ओरडून सांगितला होता. तुमच्या घरी तो कुणी सांगितलाच नसणार. तुम्ही तीन-चार वर्षांच्या असताना कधीतरी ‘आई’ म्हणाला असाल आणि मावशीचे डोळे भरून आले असतील. बस, तेवढ्यावर तुम्ही शिकलात. हा शब्द उच्चारला की आपल्या माणसाला दुखतं. तुम्ही तिला जपलंत, मैत्रिणी. एवढ्याशा पोरीनं एवढ्या मोठ्या बाईला जपलं, आणि पुढे ते जपणं तुमच्या अंगवळणी पडलं.

त्यात प्रेमाचं एक वेगळंच ओझं असतं. मावशी म्हणत राहिली असेल, तू माझीच. असं म्हणणाऱ्या माणसाला ‘माझी आई कशी होती’ असं विचारायचं म्हणजे त्याचं ते वाक्य खोडून काढल्यासारखं वाटतं. जिथे छळ होतो तिथलं मूल निदान मनातल्या मनात भांडू शकतं. जिथे माया मिळते तिथलं मूल कुणाशी भांडणार? ते उपकार मोजत बसतं आणि गप्प राहतं. दुजाभाव केला नाही, हे तुम्ही पत्रात ‘आधीच सांगते’ म्हणून सांगितलंत. मी काही विचारलं नव्हतं, तरी तुम्ही मावशीच्या वतीनं आधी साक्ष दिलीत. ४१ व्या वर्षीसुद्धा!

इथवर तुमचं झालं. पण तुमचं पत्र वाचताना माझं मन तुमच्यापेक्षाही मावशीपाशी जास्त रेंगाळलं.

आपल्याकडे म्हण आहे, माय मरो पण मावशी जगो. लहानपणापासून आपण ती ऐकतो आणि त्यातलं मुलाचं सुख तेवढं बघतो. त्या म्हणीत जी मावशी जगली, तिची बहीण मेलेली असते, हे आपण कधी बघत नाही. हिशोब केला तर तुमची आई गेली तेव्हा तुमची मावशी चौतिशी-पस्तिशीत असणार. तिची बहीण गेली आणि त्याच सुमारास अडीच वर्षांचं एक मूल तिच्या दारात आलं. त्या मुलाला न्हाऊमाखू घालायचं, त्याच्यासमोर हसायचं, रात्री ते दचकून उठलं तर थोपटायचं. मग ती बहिणीसाठी रडली कधी? तुम्ही तिला विचारलं नाहीत हे खरं, पण तिला कुणी विचारलं होतं का? काकांनी, तुमच्या आजीनं, शेजारपाजाऱ्यांनी? सगळे तुमच्याबद्दल विचारत असणार, पोर रुळली का म्हणून.

हॅरीची पेटुनिया मावशी वाईट वागली, त्यात दुमत नाही. पण लेखिकेनं तिच्याबाबत दोन जागा अशा सोडल्यात की त्या वाचताना माझा हात थांबतो. पाचव्या पुस्तकात डिमेंटरचा विषय निघतो आणि ज्या घरात जादूचं नाव काढायची बंदी, त्या घरात पेटुनिया पटकन सांगून बसते की डिमेंटर म्हणजे काय. तिनं बहिणीच्या संदर्भात ते कधीकाळी ऐकलेलं असतं. त्याच प्रसंगात थोड्या वेळानं हॅरीला आयुष्यात पहिल्यांदा नीट उमगतं, की ही बाई आपल्या आईची सख्खी बहीण आहे. पंधरा वर्षांचा झाल्यावर! तोवर ती त्याच्या लेखी नुसती घरमालकीण होती. तरीही तो पुढे विचारत नाही. मग सातव्या पुस्तकात ते सगळे घर सोडून निघतात. पेटुनिया निरोपाचा एक कोरडा शब्द बोलते, दारापर्यंत जाते आणि थांबते. मागे वळून बघते. तिला काहीतरी बोलायचंय असं हॅरीला वाटतं. तिचे ओठ उघडतील उघडतील असं होतं, आणि मान जराशी झटकून ती निघून जाते. त्यानंतर त्यांची भेट पुस्तकात नाही. तिनंही लहानपणी आपल्याला त्या शाळेत घ्या म्हणून पत्र पाठवलं होतं, बहिणीमागून जायला ती इतकी आसुसली होती, हे हॅरीला कळतं ते मरणाऱ्या स्नेपच्या आठवणींतून. त्या आठवणींना तो उलट प्रश्न विचारू शकत नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे. विचारा. मावशी दुखण्यातून उठली आहे, तिची तब्येत जरा थाऱ्यावर आली की विचारा, पण सवड काढून ठरवून विचारा, ‘कधीतरी बघू’वर टाकू नका. मी स्वतः एकदा टाकलं होतं. आमच्या घरी तीन भावंडांचा एक जुना फोटो होता. वडील, आत्या आणि मध्ये एक मुलगा, ज्याचं नाव कुणी घेत नसे. वडिलांच्या पश्चात मी तो फोटो घेऊन आत्याकडे गेले. तिनं मधल्या मुलाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, तोंडभर हसली, त्या चेहऱ्यावरून बोट फिरवत राहिली. नाव काही तिच्या ओठांवर आलं नाही. तिचं विसरणं तोवर फार पुढे गेलं होतं. तिला तो आठवत होता, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन.

कसं विचारायचं, याबद्दल माझा एकच आग्रह आहे. ‘माझी आई’ म्हणून विचारू नका. ‘तुझी बहीण’ म्हणून विचारा. “मावशी, तुम्ही दोघी लहानपणी कशावरून भांडायचात गं?” या वाक्यानं काय होतं बघा. ‘माझी आई कशी होती’ म्हटलं की मावशी पुन्हा तुम्हाला सांभाळणारी होते, शब्द जपून वापरते आणि ‘फार चांगली होती’ असं सांगून मोकळी होते. गेलेल्या माणसाबद्दल सगळेच तेवढंच सांगतात आणि त्यातून हाती काही लागत नाही. ‘तुझी बहीण’ म्हटलं की ती स्वतः मुलगी होते. तिची वेणी कोण ओढायचं, कुणाला अंधाराची भीती वाटायची, कोण खोटं बोलून दुसरीला मार खायला लावायचं, हे तिचं स्वतःचं आहे. ते सांगायला तिला तुमच्या दुःखाची परवानगी लागत नाही. आणि ती काही कमी पडली का, हा प्रश्नच त्या बोलण्यात कुठे येत नाही.

प्रश्न छोटे ठेवा. तिचा आवाज कसा होता, माझ्यासारखा की वेगळा? ती हसताना तोंडावर हात धरायची का? अक्षर कसं होतं? अक्षराचं मुद्दाम सांगते. सातव्या पुस्तकात हॅरीला त्याच्या वडिलांचा मित्र सिरियस याच्या खोलीत आईनं लिहिलेलं जुनं पत्र सापडतं. पत्रात तसं विशेष काही नाही. पहिल्या वाढदिवसाला मिळालेल्या खेळण्यातल्या झाडूबद्दल आभार, घरातलं मांजर, शेजारच्या आजीबाई. पण तो अक्षरांकडे बघतो आणि त्याला दिसतं की ‘जी’ हे अक्षर आई अगदी आपल्यासारखंच काढायची. मग तो त्या पत्रातलं प्रत्येक ‘जी’ शोधत बसतो. आई शूर होती, तिनं आपल्यासाठी जीव दिला, हे तो अकराव्या वर्षापासून ऐकत आलेला असतो. पण ते सगळ्यांना माहीत होतं. अक्षराचं वळण त्याच्या एकट्याचं होतं. मावशीकडे तुमच्या आईचं एखादं पत्र, वही, हिशोबाचा कागद असेल तर तो मागा.

पहिल्या बैठकीत मरणाचा विषय काढू नका. मावशीनं आपण होऊन काढला तर ऐका, मध्ये बोलू नका, आणि ती रडली तर घाबरून विषय बदलू नका. तुम्ही लहानपणापासून तेच करत आला आहात, या वेळी फक्त शेजारी बसा. कधीतरी पुढच्या खेपेला आई कशानं गेली हे मात्र नीट विचारून घ्या. आजार असेल तर त्याचं नाव, तेव्हाचं तिचं वय, आधीपासून काही त्रास होता का. डॉक्टर तुम्हाला घराण्यातल्या आजारांबद्दल विचारत असतील आणि तुम्ही ‘माहीत नाही’ म्हणत असाल. ते तुमच्यासाठी आणि तुमच्या लेकीसाठीही माहीत असायला हवं. वडिलांचा विषय मी इथे घेत नाही. तो वेगळा आहे आणि तुम्ही तो विचारलेला नाही.

फोनवर रेकॉर्डिंग करावंसं वाटेल. पहिल्या वेळी नको. समोर यंत्र ठेवलं की माणूस भाषण करतो. घरी आल्यावर त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, तारीख घालून लिहून काढा, तिच्याच शब्दांत. पुढे तिला सवय झाली आणि ती हो म्हणाली, तर मग खुशाल आवाज घ्या. तो आवाज तिचाही आहे आणि तो तुमच्याकडे असायला हवा.

ती ‘जाऊ दे गं, कशाला ते’ म्हणाली तर? तर जाऊ द्या. रुसू नका, ओढून धरू नका. “बरं, तुला वाटेल तेव्हा. मला ऐकायला आवडेल,” एवढं म्हणून दुसऱ्या कामाला लागा. इतक्या वर्षांत हे दार कुणी वाजवलेलंच नाही, पहिल्या थापेला उघडेलच असं नाही. पण वाजलं हे तिनं ऐकलेलं असेल. पुष्कळदा अशी माणसं चार दिवसांनी, भलत्याच वेळी, पाठमोरी उभी राहून बोलायला लागतात.

आणखी एक तयारी ठेवा. जे कळेल ते सगळं गोड असेलच असं नाही. हॅरी पंधराव्या वर्षी स्नेपच्या आठवणीत शिरतो आणि त्याला दिसतं, की आपले वडील पंधरा वर्षांचे असताना एका एकट्या मुलाला सगळ्यांदेखत छळत होते. तो हादरतो. आणि तेव्हा, पाचव्या पुस्तकात, तो पहिल्यांदा खरोखर विचारायला जातो. पकडलं जाण्याचा धोका पत्करून शेकोटीच्या आगीतून सिरियस आणि ल्युपिनला गाठतो आणि विचारतो, माझे बाबा असे का वागले? ल्युपिन म्हणतो, तो पंधरा वर्षांचा होता रे. मी पण पंधरा वर्षांचाच आहे, हॅरी म्हणतो. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. तोवर वडील हे भिंतीवरच्या तसबिरीसारखे होते आणि तसबिरीला कुणी प्रश्न विचारत नाही. ते चुकणारे माणूस निघाले तेव्हा कुठे त्याला त्यांच्याशी भांडता आलं. तुमची आई कदाचित तापट असेल, हट्टी असेल, मावशीशी वर्षभर अबोला धरणारी असेल. येऊ द्या तिला तशी.

आता तुमच्या लेकीकडे वळते, कारण तिची तुम्ही क्षमा मागायला हवी. तिनं काही वावगं विचारलं नव्हतं. ‘गप वाच’ हा तुमच्या घरातला पहिला नियम व्हायला नको. हा न विचारण्याचा वारसा तुमच्यापाशी थांबू शकतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी केली होती. आईबाबा कुठे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, तुझ्या जन्माच्या वेळी काय झालं, अशा धर्तीचे प्रश्न. ज्या मुलांना घरच्या गोष्टी जास्त माहीत होत्या, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही अधिक असल्याचं त्यांना दिसलं. पण उत्तरं पाठ करून घेतल्यानं काही होत नाही, हे ड्यूक यांनीच सांगितलं आहे. त्या गोष्टी सांगायला कुणीतरी वेळ काढून मुलाजवळ बसलेलं असतं, खरी किंमत त्या बसण्याची. तुम्ही रोज रात्री लेकीजवळ बसताच. पुस्तक मिटल्यावर पाच मिनिटं आणखी बसा.

तिला सांगा, की हॅरी विचारत नाही कारण लहानपणी त्याला विचारल्यावर ओरडा बसला होता. आणि सांगा, की मी पण माझ्या आईबद्दल कधी विचारलं नाही, मला मावशीआजीला रडवायचं नव्हतं, म्हणून तू विचारलंस तेव्हा मी चिडले. बारा वर्षांच्या मुलीला हे नीट समजतं. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी शाळेचा राखणदार हॅग्रिड काय करतो तेही तिला आठवायला सांगा. हॅरीनं काही मागितलेलं नसतं. हॅग्रिड आपण होऊन त्याच्या आईवडिलांच्या जुन्या शाळासोबत्यांना घुबडांकरवी पत्रं धाडतो, फोटो मागवतो आणि त्यांचा अल्बम करून त्याच्या हातात ठेवतो. न विचारलेल्या प्रश्नाचं असं उत्तर देणारा माणूस त्या सगळ्या पुस्तकांत मला तो एकच आठवतो. तुमच्या लेकीला विचारावं लागायच्या आधी तुम्ही काय देऊ शकता, ते बघा.

राहिला स्वेटर. पूर्ण झालेली बाही वीतभर आहे, असं तुम्ही लिहिलंत. लिहिताना तुमच्या ध्यानात आलं की नाही, मला ठाऊक नाही. वीतभर बाही मोठ्या माणसाच्या अंगात जात नाही. तो कुणी विणायला घेतला आणि कुणासाठी, हे मी सांगणार नाही, ते मावशीनं सांगायचं आहे. पण कुणीतरी एवढी वर्षं तो पुरा केला नाही, उसवून लोकर दुसरीकडे वापरली नाही, टाकूनही दिला नाही.

पुढच्या वेळी जाल तेव्हा लेकीला घरी ठेवून एकट्याच जा. दुपारी घर शांत झालं की वरच्या फळीवरची ती पिशवी खाली काढा, मावशीच्या शेजारी बसा आणि स्वेटर तिच्या मांडीवर ठेवा. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. फक्त तो पिशवीतून काढताना अर्ध्या बाहीला खालून हात द्या आणि सुयांना धक्का लावू नका. इतक्या वर्षांची लोकर आहे, सुई निसटली तर टाके सुटतील.

तुमची,
सदरलेखिका